क्वांटम फील्ड थिअरी शिकायला बसताना: कोकणातल्या विद्यार्थ्यांसाठी

एमएस्सीच्या तिसऱ्या सेमिस्टरला मी क्वांटम फील्ड थिअरी हा ऐच्छिक विषय घेतला, तेव्हा वर्गात आम्ही अकराजण होतो. दिवाळीची सुट्टी संपवून परत आलो तर चौघंच उरलो. सोडून गेलेली मुलं आमच्यापेक्षा कमी हुशार नव्हती. त्यांचं घोडं कुठे अडलं ते मला आज नेमकं सांगता येतं, कारण माझंही तिथेच अडलं होतं. त्यातली जवळजवळ एकही अडचण फील्ड थिअरीची नव्हती. सगळ्या आधीच्या वर्षांत अर्धवट राहून गेलेल्या गोष्टी होत्या.

मी देवगड तालुक्यातली. बीएस्सी जिल्ह्यातच केलं, एमएस्सीला मुंबईला गेले आणि आता परत कोकणात येऊन शिकवते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली दोन-चार मुलं तरी दरवर्षी विचारतात, "मॅडम, क्यूएफटी (क्वांटम फील्ड थिअरी) आपल्याला जमेल का? सुरुवात कुठून करू?" प्रत्येकाला मी तेच सांगते, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे. जमेल का, याचं उत्तर आधीच देते: जमतं. दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावचे र. पु. परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले आले, तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात रेल्वेसुद्धा नव्हती. तुमच्या हातात आज फोन आहे आणि जगातल्या उत्तम शिक्षकांची व्याख्यानं त्यावर फुकट मिळतात. अडचण साधनांची कमी आणि क्रमाची जास्त आहे.

हा विषय लागतोच कशाला

विजयदुर्गाला गेलात तर किल्ल्यातले 'साहेबाचे ओटे' बघून या. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या निरीक्षणासाठी ते बांधले, असं सांगतात. त्या ग्रहणाच्या वेळी सूर्याच्या वर्णपटात एक पिवळी रेघ दिसली आणि पुढे ती हेलियमची ठरली. तरंगलांबी ५८७.६ नॅनोमीटर.

आता बीएस्सीत शिकलेलं आठवा. इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर आला की प्रकाश बाहेर पडतो, असं आपण परीक्षेत लिहिलं आणि गुणही मिळवले. पण श्रोडिंजरचं समीकरण नीट बघा. वरची पातळी ही 'स्टेशनरी स्टेट' आहे. एकट्या अणूचं समीकरण सोडवलं तर इलेक्ट्रॉन तिथे कायमचा बसून राहायला हवा. मग तो खाली येतो कसा? आणि आधी नव्हताच तो फोटॉन येतो कुठून?

डिरॅकने १९२७ मध्ये विद्युतचुंबकीय क्षेत्रालाच क्वांटमचे नियम लावले आणि या प्रश्नाचं उत्तर दिलं. अणूभोवती काहीच नसलं तरी क्षेत्र, म्हणजेच फील्ड, असतंच, आणि अणू त्या क्षेत्राशी जोडलेला असतो. क्वांटम फील्ड थिअरी इथून सुरू होते. हा प्रश्न तुम्हाला खरोखर खुपला पाहिजे. तो खुपला नसेल तर पुढची शेकडो पानं नुसती चिन्हांची रांगोळी वाटतील.

१. आधीची उधारी फेडा

विषय सुरू होण्याआधीचे दोन महिने यासाठी ठेवा. कोऱ्या कागदावर, पुस्तक बंद करून, खालच्या गोष्टी करून बघा:

- हार्मोनिक ऑसिलेटरच्या ऊर्जापातळ्या वेव्हफंक्शन न वापरता, फक्त चढत्या-उतरत्या ऑपरेटरांनी काढणे.
- ताणलेल्या तारेचा लॅग्रांजियन लिहून त्यातून तरंग समीकरण आणणे.
- 'एक भागिले एक्सचा वर्ग अधिक एक' याचं उणे अनंत ते अनंत इंटिग्रल कॉन्टूरने काढून पाय (π) हे उत्तर मिळवणे.
- वरचे-खालचे इंडेक्स वापरून दाखवणे, की ऊर्जा-संवेगाच्या चतुःसदिशाचा वर्ग सगळ्या निरीक्षकांना सारखाच दिसतो.
- डेल्टा फंक्शनचं फूरिअर रूप लिहिणे, दोन पायचे घटक जागच्या जागी ठेवून.
- कालांतराने लॅग्रांजियन बदलत नसेल तर ऊर्जा अक्षय्य राहते, हे नोएथरच्या १९१८ च्या प्रमेयावरून दाखवणे.

सहापैकी चार जमले तर पुढे जायला हरकत नाही. उरलेले दोन वाटेत येतील. पहिलं, ऑसिलेटरचं, मात्र यायलाच हवं. ते हाताला इतकं बसलेलं असू दे, की आईने मध्येच हाक मारली तरी परत येऊन पुढची ओळ लिहिता यावी. सगळी फील्ड थिअरी त्या एका गणितावर उभी आहे.

सगळ्यात जास्त मुलं कॉन्टूर इंटिग्रलवर अडतात. आपल्याकडे बीएस्सीला कॉम्प्लेक्स अॅनालिसिस पेपरापुरतं होतं आणि परीक्षेनंतर वही माळ्यावर जाते. प्रोपगेटर (एका बिंदूवरचा परिणाम दुसऱ्या बिंदूपर्यंत कसा पोहोचतो ते सांगणारं फंक्शन) काढताना दोन पोल, म्हणजे फंक्शन अनंत होतं अशा जागा, येतात आणि त्यातला कोणता आत घ्यायचा हे तुम्हालाच ठरवायचं असतं. चित्र काढल्याशिवाय हे कधीही करू नका. पोलच्या जागी ठळक टिंब, कॉन्टूरला बाण, आणि कॉन्टूर वरून बंद केला की खालून ते शेजारी शब्दांत लिहायचं.

२. चिन्ह ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा

हा सल्ला लहान दिसतो, पण माझे यात तीन आठवडे गेले. स्पेसटाइमच्या मेट्रिकमध्ये, म्हणजे अंतर मोजायच्या नियमात, काळाला अधिक आणि अवकाशाला उणे चिन्ह द्यायचं, की उलट, हा नुसता संकेत आहे. दोन्ही बरोबर. पण पाठ्यपुस्तकांपैकी पेस्किन-श्रोडर काळाला अधिक धरतात, तर वाइनबर्ग आणि स्रेडनिकी उणे धरतात. मी वर्गातल्या नोट्स एका संकेतात उतरवत होते आणि रात्री गणितं दुसऱ्या संकेताच्या पुस्तकातून सोडवत होते. डिरॅकच्या समीकरणातून क्लाइन-गॉर्डन काढताना दरवेळी वस्तुमानाच्या पदाला उलटं चिन्ह यायचं. मला वाटायचं, आपल्याला हा विषय कळतच नाही. वर्गात विचारायची हिंमत झाली नाही आणि वर्गही इतक्या वेगाने पुढे जात होता की थांबायला कुणाला सवड नव्हती. शेवटी एका मैत्रिणीने माझी वही आणि पुस्तक शेजारी ठेवून पाहिलं, तेव्हा पाच मिनिटांत उलगडा झाला.

म्हणून वहीचं पहिलं पान कोरं ठेवा. त्यावर चार गोष्टी लिहा: मेट्रिकचं चिन्ह, फूरिअरमध्ये दोन पाय कुठे जातो, स्टेटचं नॉर्मलायझेशन कसं धरलं आहे आणि गॅमा मॅट्रिक्सचं कोणतं रूप वापरता. दुसरं पुस्तक उघडलं की आधी याच चार गोष्टी त्यात शोधा, मग वाचा.

३. एककांची भीती घालवा

इथे प्रकाशाचा वेग आणि एच-बार (प्लँकचा स्थिरांक भागिले दोन पाय), दोन्ही १ धरतात. पहिल्यांदा हे ऐकून पोटात गोळा येतो. लक्षात ठेवायचा आकडा एकच: या दोघांचा गुणाकार म्हणजे सुमारे १९७ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट-फर्मी. फर्मी म्हणजे मीटरचा दहाचा उणे पंधरावा घात.

एक उदाहरण करून बघा. युकावाने १९३५ मध्ये मांडलं, की अणुकेंद्रातलं बल एखाद्या जड कणाच्या देवाणघेवाणीतून येतं. असा कण, पायॉन, १९४७ मध्ये सापडला. वस्तुमान साधारण १४० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट. १९७ ला १४० ने भागा. उत्तर १.४ फर्मी. केंद्रातल्या बलाचा पल्ला साधारण एवढाच असतो. एका भागाकारात एवढं निघालं की एककं तुमच्या बाजूने आली असं समजा.

यानंतर फील्डचं डायमेन्शन मोजायची सवय लावा. चार मितींत स्केलर फील्डचं ('फाय'चं) डायमेन्शन १, डिरॅक फील्डचं दीड. त्यामुळे फायच्या चौथ्या घाताच्या पदापुढचा लॅम्डा नुसता आकडा ठरतो. गणित चुकलं की नाही हे नव्वद टक्के वेळा याच तपासणीत पकडता येतं.

४. एक पुस्तक, एक वही

नव्या मुलांची ठरलेली चूक म्हणजे फोनमध्ये बारा पीडीएफ आणि एकाचंही दुसरं प्रकरण पूर्ण नाही. एकच मुख्य पुस्तक निवडा. कोलकात्याच्या अमिताभ लाहिरी आणि पलाश पाल यांचं 'अ फर्स्ट बुक ऑफ क्वांटम फील्ड थिअरी' मला आपल्याकडच्या एमएस्सीच्या मुलांसाठी सर्वांत योग्य वाटतं. लहान आहे, पायऱ्या गाळत नाही आणि भारतात परवडतं. त्याच्या जोडीला डेव्हिड टाँग यांच्या केंब्रिजच्या नोट्स. त्या इंटरनेटवर मोफत आहेत. पेस्किन-श्रोडर (१९९५) दुसऱ्या फेरीला घ्या, पहिल्या फेरीला नको. ते उत्तम पुस्तक आहे, पण त्यातल्या 'हे सहज दिसून येतं' या वाक्यामागे कधीकधी तीन पानांचं गणित असतं.

वाचायची पद्धत अशी: पुस्तकातली प्रत्येक ओळ वरच्या ओळीतून कशी आली हे वहीत स्वतः काढायचं. दिवसाला दोन पानं झाली तरी पुरे. आमच्या रविवारच्या वाचनगटात एका मुलाने सुट्टीत ऐंशी पानं वाचून काढली होती. फळ्यापाशी उभं केल्यावर पहिल्या पानावरचा कम्युटेटर त्याला मांडता आला नाही. दुसऱ्या मुलीने तेरा पानं केली होती आणि तिला त्यातलं काहीही विचारा, ती खडू हातात घेऊन लिहायची.

५. होड्यांच्या ओळीपासून फील्डपर्यंत

इथे घाई करू नका. हा भाग नीट बसला तर निम्मा विषय आला.

संध्याकाळी खाडीत होड्या एकमेकींना दोरांनी बांधून ओळीने उभ्या असतात. एका टोकाजवळून लाँच गेली की पहिली होडी डुलते, दोर ताणतो, मग दुसरी, मग तिसरी, आणि शेवटच्या होडीपर्यंत एक हेलकावा पळत जातो. होडी जागेवरच राहते. जातो तो हेलकावा.

होड्यांच्या जागी सारखी वजनं आणि दोरांच्या जागी सारख्या स्प्रिंगा घ्या. आधी दोनच वजनं, दोन भिंतींच्या मध्ये, तीन स्प्रिंगांवर. दोघं एका दिशेने डुलली तर कोनीय वारंवारतेचा वर्ग 'के भागिले एम', विरुद्ध दिशांना डुलली तर 'तीन के भागिले एम'. हे बीएस्सीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचं गणित. मग तीन वजनं, मग कितीही. जेवढी वजनं तेवढे मोड, आणि प्रत्येक मोड हा बाकीच्यांशी संबंध नसलेला एक स्वतंत्र हार्मोनिक ऑसिलेटर. प्रत्येकाला क्वांटमचे नियम लावा, तुमचे पाठ झालेले चढते-उतरते ऑपरेटर वापरा. एक पायरी चढली म्हणजे त्या मोडमध्ये एक क्वांटम वाढला. वजनांमधलं अंतर शून्याकडे नेलं की हाती फील्ड येतं. 'कण' म्हणजे फील्डच्या मोडमधली एक पायरी.

यातून एक सुंदर गोष्ट आपोआप मिळते. विश्वातले सगळे इलेक्ट्रॉन हुबेहूब सारखे का? कारण ते एकाच इलेक्ट्रॉन-फील्डच्या पायऱ्या आहेत. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी वसतिगृहाच्या गच्चीवर बराच वेळ नुसती फिरत होते.

आता सापळा. क्वांटम मेकॅनिक्समध्ये 'एक्स' हा ऑपरेटर असतो, कणाची जागा सांगणारा. फील्ड थिअरीत 'एक्स' हा फक्त पत्ता आहे, ओळीतल्या होडीचा क्रमांक. जे डुलतं ते फील्ड, म्हणजे 'फाय'. क्रमांक डुलत नाही. पूर्वी काळ जसा नुसता लेबल होता तशी आता जागाही लेबल झाली, आणि सापेक्षतेला हेच हवं होतं. दर वर्षी अर्ध्याहून जास्त वर्ग इथे गोंधळतो, आणि 'पत्ता कोण, डुलणारं कोण' असं विचारलं की गोंधळ सुटतो.

होड्यांचं चित्र इथेच सोडून द्या. होड्यांखाली पाणी असतं. फील्डखाली कुठलंही माध्यम नसतं.

याच टप्प्यावर पहिला 'अनंत' भेटतो. प्रत्येक ऑसिलेटरची किमान ऊर्जा शून्य नसते, अर्धा क्वांटम असते, आणि मोड तर अनंत. बेरीज अनंत. गुरुत्व बाजूला ठेवलं तर मोजता येतो तो ऊर्जेतला फरकच, म्हणून ही बेरीज वजा करून पुढे जातात. पण वजा केली हे लक्षात असू द्या.

६. पहिला डायग्राम हाताने मोजा

फाइनमन डायग्राम, म्हणजे कणांच्या टकरीचं गणित मांडणारी रेघांची चित्रं, दिसायला सोपे असतात, म्हणून मुलं थेट नियमांवर उडी मारतात. तसं करू नका. एक तरी डायग्राम विकच्या प्रमेयाने, जोड्या मोजून काढा.

फायच्या चौथ्या घाताची थिअरी घ्या. बाहेरचे दोन बिंदू आणि मध्ये एक शिरोबिंदू, ज्यातून चार रेघा निघतात. मी वर्गात टेबलावर चिंचोके मांडते: बाहेरचे दोन बाजूला, मधले चार एकत्र. बाहेरचा पहिला चिंचोका मधल्या चारांपैकी कुणाशीही जोडता येतो, म्हणजे चार प्रकार. दुसऱ्याला तीन उरतात. राहिलेले दोन एकमेकांशी जोडले जातात, एकच प्रकार. एकूण बारा. लॅम्डाखाली आधीच चोवीस लिहिलेले आहेत. बारा भागिले चोवीस, अर्धा. पुस्तकात 'सिमेट्री फॅक्टर दोन' म्हणतात तो हा.

मग बाहेरचे बिंदू काढून टाका आणि मधल्या चारांच्या आपापसात जोड्या लावा. तीन प्रकार. तीन भागिले चोवीस म्हणजे एक अष्टमांश. हे दोन हाताने केले की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

७. एक गणित पहिल्या ओळीपासून शेवटच्या आकड्यापर्यंत

सेमिस्टरभराचं ध्येय एकच ठेवा: इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून म्युऑनची (इलेक्ट्रॉनच्या जड भावंडांची) जोडी तयार होते, त्याचा क्रॉस सेक्शन, म्हणजे तसं घडण्याची शक्यता सांगणारं क्षेत्रफळ. एकच डायग्राम. त्यात डिरॅक स्पायनर, गॅमा मॅट्रिक्सचे ट्रेस, फोटॉनचा प्रोपगेटर, स्पिनची सरासरी आणि फेज स्पेस, असं सगळं येतं. ऊर्जा पुरेशी जास्त असली तर कोनानुसार 'एक अधिक कोसाइन वर्ग' असं वितरण मिळायला हवं, आणि एकूण उत्तर 'चार पाय आल्फा वर्ग भागिले तीन एस'. यात आल्फा म्हणजे विद्युतचुंबकीय बलाची ताकद सांगणारा आकडा आणि एस म्हणजे वस्तुमानकेंद्राच्या चौकटीतल्या एकूण ऊर्जेचा वर्ग. एकूण ऊर्जा १० गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट घातली तर सुमारे ०.८७ नॅनोबार्न येतं. इथपर्यंत, आकड्यापर्यंत, पोहोचाच. सूत्रावर थांबू नका.

मला पहिल्यांदा याला बावीस पानं लागली. ती वही माझ्याकडे अजून आहे.

नंतर दोन गणितं. पहिलं, शेवटी म्युऑनऐवजी इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच असतील तर काय? आता दोन डायग्राम येतात आणि त्यांच्यातलं सापेक्ष चिन्ह सांभाळावं लागतं. हे होमी भाभांनी १९३६ मध्ये केलेलं काम. जगभर त्याला 'भाभा स्कॅटरिंग' म्हणतात, आणि कोलायडरमध्ये आदळणाऱ्या झोतांची तीव्रता मोजायला ते आजही वापरतात. दुसरं, म्युऑनचं आयुष्य. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटीमीटरमधून मिनिटाला साधारण एक म्युऑन जातो. वाळूवर हात पसरून बसलात तर मिनिटाला शंभरेक तुमच्या पंजातून पार होत असतात. फर्मी स्थिरांकाचा वर्ग गुणिले म्युऑनच्या वस्तुमानाचा पाचवा घात, भागिले १९२ पाय घन: हा त्याच्या क्षयाचा दर. आकडे घाला, उलटा करा, एककं बदला. २.२ मायक्रोसेकंद येतात, आणि प्रयोगातही तेवढेच मिळतात.

८. लूपमध्ये अनंत आला की

लूप म्हणजे डायग्राममधलं बंद वेटोळं; त्याचं गणित अनंत उत्तर देतं, आणि ते हाताळायची पद्धत म्हणजे रिनॉर्मलायझेशन. पहिल्या कोर्समध्ये ते पूर्ण समजेल ही अपेक्षा ठेवू नका, तोंडओळख पुरे. पण ती खरी असू द्या. 'अनंत गालिच्याखाली सरकवतात' असं कुणी सांगितलं तर त्यावर थांबू नका.

शाळेत आपण महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर असं पाठ केलं. किती लांबीची पट्टी लावली, यावर तो आकडा अवलंबून आहे. नकाशावर मोजा, मग काठाकाठाने दोर धरून प्रत्येक खाडीत आत शिरत मोजा. पट्टी लहान होत जाईल तशी लांबी वाढत जाते. विद्युत प्रभारही असाच, कोणत्या अंतरावरून मोजता त्यावर अवलंबून आहे. दुरून मोजला तर आल्फा सुमारे १/१३७. झेड कणाच्या ऊर्जेला, ९१ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टला, सुमारे १/१२८. म्हणून समीकरणात घातलेला आकडा आणि प्रयोगात मोजलेला आकडा यांचा हिशोब नीट जुळवून घ्यावा लागतो. तो जुळवला की अनंत पदं उत्तरातून निघून जातात आणि मागे मोजता येईल असा फरक उरतो. किनाऱ्याच्या उपमेतून एवढंच घ्या; आकडा किती आणि कसा बदलतो ते गणितच सांगतं.

आणि तो फरक खरा आहे. डिरॅकच्या समीकरणानुसार हायड्रोजनच्या ज्या दोन पातळ्या एकाच ऊर्जेला असायला हव्यात, त्यांच्यात १९४७ मध्ये लॅम्ब आणि रेदरफोर्ड (Retherford) यांना फरक सापडला. आज तो सुमारे १०५७ मेगाहर्ट्झ धरतात. न्यूयॉर्कजवळच्या शेल्टर आयलंडच्या भौतिकशास्त्र परिषदेहून परतताना हान्स बेथे यांनी आगगाडीत बसून त्याचा पहिला हिशोब केला, तो १०४० च्या आसपास आला. पुढच्या वर्षी श्विंगर यांनी इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय आघूर्णाची दुरुस्ती काढली: आल्फा भागिले दोन पाय, म्हणजे ०.००११६. टोमोनागा, श्विंगर आणि फाइनमन यांना या कामासाठी १९६५ चं नोबेल मिळालं. श्विंगरचं गणित पुढच्या सेमिस्टरला जरूर करा.

९. एकट्याने करू नका, आणि आपलं कॅलेंडर बघून करा

दोघं पुरेत. आठवड्यातून एक दिवस, दोन तास, फळा आणि खडू. एकाने मांडायचं, दुसऱ्याने दर ओळीला 'का?' विचारायचं. फळा नसेल तर वाणसामानाच्या दुकानातला मोठा पुठ्ठा भिंतीला लावा. व्हिडिओ कॉलवरही जमतं, पण वही कॅमेऱ्यासमोर धरून.

आपल्याकडचं वेळापत्रक मुंबई-पुण्यासारखं नसतं. जून-जुलैत वीज आणि रेंज यांचा भरवसा नाही. एनपीटीईएल (आयआयटींचे मोफत ऑनलाइन कोर्स) आणि बंगळुरूच्या आयसीटीएस या संशोधन केंद्राची व्याख्यानं मे महिन्यातच उतरवून ठेवा आणि नोट्स छापून घ्या. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या भरायला घरात हात लागतात. तेव्हा नवं प्रकरण धरू नका, झालेलं परत करा. गणपती आणि शिमगा मिळून पंधरा दिवस जातात, ते आधीच वजा करून आखणी करा. माझी आई एका मे महिन्यात पेट्या भरता भरता विचारायची, "ह्या सगळा शिकान काय करतलंस गो?" मी तिला म्युऑनचं सांगितलं. ती हात थांबवून तळव्याकडे बघत राहिली. घरच्यांना सांगून बघा. जे सांगता येत नाही ते आपल्यालाच अजून नीट कळलेलं नसतं.

१०. शिकवणाऱ्यांसाठी थोडं

मी पहिले तीन आठवडे फील्ड हा शब्द फळ्यावर लिहीत नाही. वजनं आणि स्प्रिंगाच करते. अभ्यासक्रम मागे पडेल अशी धास्ती वाटते, पण पुढे तो वेळ भरून निघतो. दर आठवड्याला एकच गणित द्या, पण तपासून परत द्या; चूक कुठल्या ओळीत सुरू झाली तिथे खूण करा. आणि चिन्हांचा संकेत पहिल्या तासाला फळ्याच्या कोपऱ्यात लिहून तो कोपरा पुसू नका.

११. पुढे जायचं असेल तर कागदपत्रं

रत्नागिरी-सिंधुदुर्गातली बहुतेक महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. फील्ड थिअरी कुठल्या सेमिस्टरला, सक्तीची की ऐच्छिक, हे वर्षागणिक बदलू शकतं. प्रवेश घेण्याआधी त्या वर्षाचा अभ्यासक्रम छापून घ्या. आयआयटीतल्या एमएस्सीसाठी जॅम परीक्षा साधारण फेब्रुवारीत असते आणि अर्ज आदल्या सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतात. बीएस्सीच्या मुलांनी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा 'नियस' (NIUS) हा पदवीच्या मुलांसाठीचा उपक्रम बघावा. एमएस्सीला टीआयएफआरचा (मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा) उन्हाळी कार्यक्रम आणि तीन विज्ञान अकादम्यांची उन्हाळी शिष्यवृत्ती आहे. शिष्यवृत्तीला शिक्षकही अर्ज करू शकतात. तारखा अधिकृत संकेतस्थळावरच बघा, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या फोटोवर विसंबू नका.

एका फाइलमध्ये हे तयार ठेवा:

- दहावीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका, स्कॅन आणि साक्षांकित प्रती
- आधार आणि फोटो. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे ना, ते आत्ताच तपासा
- लागू असेल तर जात प्रमाणपत्र, वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर
- दुसऱ्या विद्यापीठात जाणार असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट. याला वेळ लागतो, निकाल लागल्याबरोबर अर्ज करा
- स्वतः लिहिलेलं एक पानी निवेदन: काय शिकलात, काय अडलं, पुढे काय करायचं आहे
- दोन शिफारसपत्रं

शिफारसपत्र निदान तीन आठवडे आधी मागा. मागायला जाताना गुणपत्रिकेबरोबर वहीही घेऊन जा. 'विद्यार्थी मेहनती आहे' असं प्रत्येक पत्रात असतं. तुमच्या सरांना किंवा मॅडमना त्याहून नेमकं काही लिहायला हवं असतं, आणि सातव्या टप्प्यातलं ते गणित, पहिल्या ओळीपासून ०.८७ नॅनोबार्नपर्यंत, तुमच्या हस्ताक्षरात समोर उघडलेलं असेल तर ते त्यांना मिळतं.